‘मी तर बारीक आहे, मला काय होतंय?’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी गोळ्यांची नावं विचारणार नाही. पण सकाळी सातपासून सदाशिव पेठ, नवी पेठ, पार कोथरूडपर्यंतची माणसं समोरच्या खुर्चीत बाही सरकवून बसतात आणि सुईकडे बघायला नको म्हणून बोलत राहतात. त्यामुळे हृदयाबद्दल लोक काय धरून चालतात, हे मला बऱ्यापैकी कळतं. त्यातला सगळ्यात चिवट समज म्हणजे, हार्टचं दुखणं जाड्या माणसांना होतं.

नेहमीचा प्रकार असा. काकूंचं वजन जास्त, म्हणून चिठ्ठी काकूंची. काका नुसते सोबत आलेले, बाहेर पेपर वाचत बसलेले. ‘तुमचंही करायचं का?’ म्हटलं की पेपरावरून नजर न काढता उत्तर येतं, ‘मला काय झालंय? लग्नात होतं तेवढंच वजन आहे अजून.’ वजन असेलही तेवढंच. पण दंड आणि मांड्या वाळलेल्या असतात, आणि बेल्ट पोटाखाली उतरून बसलेला असतो. काट्याला हे कळत नाही, तो बेरीज सांगतो.

अशाच एका काटकुळ्या काकांना मुलीने जवळपास ओढून आणलं होतं. दंड इतका बारीक की पट्टा दोनदा गुंडाळावा लागला. नस मात्र वरच, एका टोचणीत काम झालं. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तर वरचं सीरम, जे पिवळसर, आरपार दिसायला हवं, ते ताकासारखं पांढरट. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, एवढे चढलेले की नेहमीच्या सूत्राने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, काढताच येईना. (ते सूत्र ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की चालत नाही, मग एलडीएल थेट मोजावं लागतं.) काका मुलीला म्हणाले, ‘मशीन बिघडलं असेल.’

या काकांची गोष्ट विज्ञानाला नवी नाही. गंमत म्हणजे ती आपल्याच गावात उलगडली, आणि आपल्यालाच ती सगळ्यात कमी माहीत आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या बायका. त्यांची बाळं जन्मली तेव्हा त्यांची मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन. यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे होतं. आपल्या बाळांचा दंड बारीक, पोटाचा घेर कमी, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजलेला चरबीचा थर मात्र तितका कमी नव्हता. म्हणजे पोटात असताना तुटवडा पडला तेव्हा शरीराने काटछाट केली ती स्नायूंमध्ये. चरबी राखून ठेवली. अशा बाळाला जगभर ‘थिन-फॅट’ म्हणतात, म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार.

स्नायू कमी असले तर बिघडतं कुठे? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते गोदामच लहान असलं की साखर रक्तात रेंगाळते, इन्शुलिन जास्त सोडावं लागतं, आणि पुढे पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते. लहानपणी तुटवड्यात वाढलेलं शरीर मोठेपणी बसून काम आणि भरपूर खाणं यात पडलं, की ही गाडी वेगाने पळते.

त्या सहा गावांतल्या मुलांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला, आणि मला खरा धक्का बसला तो १८व्या वर्षीच्या आकड्यांनी. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के प्रीडायबेटिसमध्ये, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, सापडले. आणि एकूण मुलांपैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती! प्रौढांसाठीच्या मापाने ‘अंडरवेट’. ‘जरा अंगाने भर’ असं घरचे ज्यांना म्हणत असतील अशी ही पोरं.

याज्ञिकांनी स्वतःलाही सोडलं नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबात वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. लॅबच्या भिंतीवर आरोग्याच्या म्हणींऐवजी हा फोटो लावावा असं माझं फार दिवसांचं मत आहे, पण मालकांना म्हणीच आवडतात.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी धरतात. बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त, २५च्या वर लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, त्यापलीकडे गेलं की धोका. कंबर म्हणजे पँटचं माप नव्हे हो. पँट पोटाखाली बसते, टेप खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायची असते, श्वास सोडून. आयसीएमआरचा इंडियाब सर्व्हे २०२३ मध्ये आला. देशभरातल्या १ लाख १३ हजारांवर लोकांना तपासून त्यांनी १०.१ कोटी डायबेटिसचा अंदाज काढला, तो पेपरात सगळीकडे गाजला. त्यातच दोन आकडे होते ज्यांकडे कुणी फारसं पाहिलं नाही. बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के, पण पोटाने लठ्ठ ३९.५ टक्के. या दोन आकड्यांच्या फटीत आमचे पेपर वाचणारे काका बसलेत.

आणि वयाचं काय? ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक मध्यमानाने ५३व्या वर्षी आला होता, बाकीच्यांना ५९च्या आसपास. त्याच अभ्यासात बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराने धोका जास्त चांगला ओळखला गेला.

आता टेकडीकडे वळते. वेताळ टेकडी असो की तळजाई, रोज चढणारा कुणी पन्नाशीतला माणूस अचानक गेला की दुसऱ्या दिवशी बाकावर एकच चर्चा असते: एवढा फिट माणूस, एक ग्रॅम चरबी नाही अंगावर, नक्की कोविडच्या लसीमुळेच. ‘बारीक म्हणजे निरोगी’ हे एकदा गृहीत धरलं की दुसरं कारण शोधावंच लागतं ना! आयसीएमआरने याचाही अभ्यास केला आहे. ४७ हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयाचे, वरकरणी धडधाकट असताना अचानक गेलेले ७२९ जण घेतले, आणि त्यांची त्याच भागातल्या, तशाच वयाच्या २९१६ जणांशी तुलना केली. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही; दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमीच दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे ॲडमिट झालेल्यांमध्ये, घराण्यात कुणी असंच अचानक गेलेल्यांमध्ये, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये, आदल्या ४८ तासांत भरमसाट दारू प्यायलेल्यांमध्ये किंवा अतिजोराचा व्यायाम केलेल्यांमध्ये. हा अभ्यास पंचेचाळिशीपर्यंतच्यांचा आहे, पन्नाशीच्या पुढे तर नेहमीचीच कारणं जास्त. टेकडी सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः जाते. पण टेकडी चढता आली म्हणून एलडीएल उतरलं असं होत नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. २०२५ पासून ती आपल्याकडे मिळायला लागली आणि व्हॉट्सॲपवर ‘हार्ट अटॅक २० टक्क्यांनी कमी’ हे फिरायला लागलं. हे खोटं नाही. सिलेक्ट नावाच्या चाचणीत १७,६०४ लोक होते. औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनवरच्या शंभरांपैकी आठ जणांना अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयामुळे मृत्यू असं काहीतरी झालं, औषधावरच्या शंभरांपैकी साडेसहांना. सव्वातीन वर्षांत शंभरामागे दीड माणूस वाचला. मोठी गोष्ट आहे. पण ती माणसं कोण होती ते फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. वय ४५च्या वर, बीएमआय किमान २७, आणि सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार. ‘लग्नातलं वजन’वाले काका त्या चाचणीत नव्हतेच, आणि भाचीच्या साखरपुड्याआधी चार किलो कमी करायचेत म्हणणाऱ्या ताईही नव्हत्या.

याउलट ज्या औषधाचा पुरावा वर्षानुवर्षं साठत आलाय, त्याच्या नावाने लोक नाक मुरडतात. स्टॅटिन. एलडीएल साधारण ३९ने खाली आणलं की अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटतं, हे लाखाच्या वर लोकांच्या चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. तरी खुर्चीत बसलेलं निम्मं पुणे सांगतं, ‘ती गोळी सोडली मी, अंग दुखायचं.’ मला त्यांचं दुखणं खोटं वाटत नाही. म्हणूनच २०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने केलेली छोटीशी चाचणी मला फार आवडते. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण. वर्षभर दर महिन्याला एक बाटली: चार महिने खरी गोळी, चार महिने नुसती पिठाची, चार महिने बाटली रिकामी. खरी कुठली आणि पिठाची कुठली, कुणालाच माहीत नाही. रोज त्रासाला शंभरपैकी मार्क द्यायचे. गोळीच नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, खऱ्या गोळीवर १६.३, आणि पिठाच्या गोळीवर १५.४! म्हणजे दुखत होतं हे खरंच, पण गोळीने वाढलेल्या त्रासातला जवळपास सगळा वाटा गोळी घेतोय या धास्तीचा होता. निकाल कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. काहींना खराच त्रास होतो, त्यांना दुसरे पर्याय आहेत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, टेकडीवरच्या बाकाने नाही.

‘आम्ही शुद्ध शाकाहारी, कोलेस्टेरॉल येणार कुठून?’ लिव्हरमधून. बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. ‘चांगलं कोलेस्टेरॉल कसं वाढवू?’ हाही ठरलेला प्रश्न. एचडीएल वाढवणारी औषधं निघाली होती, आकडा झकास वाढला, अटॅक काही त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. एका औषधाची तर चाचणीच २००६ मध्ये थांबवावी लागली, त्यावरचे लोक जास्त दगावत होते म्हणून. तेव्हा एचडीएलवरून झोप उडवून घेऊ नका. रिपोर्टमध्ये बघायचं ते एलडीएल आणि नॉन-एचडीएल. टोटलमधून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या सूचनांनुसार कमी धोक्याच्या माणसाचं एलडीएल १००च्या आत हवं, जास्त धोका असेल तर ७०च्या आत, आणि ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याचं ५५च्या आत. रिपोर्टवर ठळक ‘एच’ छापला नाही म्हणजे तुमच्यासाठी तो आकडा ठीकच आहे, असं नाही.

याच सूचनांमध्ये आणखी एक टेस्ट सांगितली आहे, आयुष्यात एकदा करायची: लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. हा आकडा आईवडिलांकडून येतो. आहार, टेकडी, वजन, कशानेही फारसा हलत नाही. जगात साधारण पाचातल्या एकाचा तो ५०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर) वर असतो आणि बारीक माणसाला यात काडीची सूट नाही. तो वाढलेला निघाला तर बाकीच्या गोष्टी, एलडीएल, बीपी, साखर, डॉक्टर जास्त कडक धरतात. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचं काही झालं असेल तर डॉक्टरांना या टेस्टबद्दल जरूर विचारा. सणासुदीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये साठ-सत्तर नावं असतात, ही बहुधा नसते. काउंटरवर वेगळी सांगावी लागते.

आणि लिपिडसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडच्या टेस्टसाठी, आता बहुतेक वेळा उपाशीपोटी यायचीही गरज नसते. फक्त टेस्ट आहे म्हणून आदले तीन दिवस भाकरी आणि उकडलेली भाजी खाऊन येऊ नका, रोजचं जेवता तसंच जेवून या. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र टाळा, ट्रायग्लिसराइड बघून तुम्हीच घाबराल आणि मला पुन्हा टोचावं लागेल.