माझ्या ट्रॉलीतलं लोणी

शनिवारी सकाळी एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या ट्रॉलीतून लोण्याच्या चार वड्या उचलल्या आणि परत दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. नीट, लेबलं समोर करून. आज मंगळवार. मला अजून झोपताना उत्तरं सुचताहेत. तीही फ्रेंचमध्ये, व्याकरणासकट.

आम्ही राहतो रेनला. ब्रिटनीची राजधानी; नकाशात फ्रान्सने अटलांटिकमध्ये नाक खुपसलेलं दिसतं ना, तो हा प्रांत. जूनच्या शेवटी लेकीच्या शाळेत जत्रा असते आणि पालकांनी घरून काहीतरी करून न्यायचं असतं. गेल्या वर्षी आम्ही शंकरपाळे नेले. ते खायचे असतात हे लोकांना कळेपर्यंत जत्रा उठली. म्हणून यंदा बायको म्हणाली, "त्यांचंच काहीतरी कर." त्यांचंच म्हणजे पाले ब्रतों. बोटभर जाडीची, गोल, पिवळीधमक लोण्याची बिस्किटं.

तर मी पाव किलोच्या चार वड्या घेतल्या, अळणी लोण्याच्या. एक बिस्किटांना, तीन महिन्याच्या तुपाला. इथपर्यंत माझी काही चूक झाली असेल तर सांगा.

म्हातारा सार्डिनच्या डब्यांची टोपली हातात घेऊन शेजारीच उभा होता. त्याने आधी माझ्या ट्रॉलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ट्रॉलीकडे.

"हे कशासाठी?"

"तुम्हाला काय करायचंय?" हे याचं बरोबर उत्तर होतं. पण फ्रेंचमध्ये मी फार प्रामाणिक आहे, थापा मारण्याएवढा शब्दसाठा माझ्याकडे नाही. "पाले ब्रतों," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. वारल्याची बातमी कळल्यावर मिटतात तसे.

"यातून? अळणी लोण्यातून?"

"नाही, एकच वडी. बाकीच्या तीन..." आणि इथे माझं फ्रेंच बसलं. साजूक तुपाला काय म्हणतात ते रविवारी रात्री भांडी घासताना आठवलं. शनिवारी तोंडातून निघालं ते असं: "बाकीचं उकळून तेल करतो."

"लोण्याचं तेल करता?"

"हो. तीन वड्यांचं."

यावर तो एक पाऊल मागे सरला. मग आवाज खाली आणून, घरचं काही नाजूक विचारावं तसं त्याने विचारलं, "पॅरिस?"

"नाही. भारत."

त्याचा चेहरा एकदम सैलावला. "असं होय! मग ठीक आहे. मला वाटलं पॅरिस."

एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. छे. परदेशी म्हणजे शिकवण्याजोगा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. टोपली खाली ठेवली गेली. दही लावणाऱ्या पोऱ्याला साक्षीला बोलावलं गेलं. तो बिचारा खांदे उडवून पुन्हा दह्यात शिरला. आणि मग सुरू झालं मिठाचं पुराण.

जुन्या काळी फ्रान्सच्या राजाचा मिठावर कर होता, त्याला गाबेल म्हणत. बाकी मुलखात मीठ इतकं महाग की लोण्यात घालायची सोय नव्हती. पण ब्रिटनी 1532 साली फ्रान्सला जोडली गेली ती आपल्या सवलती शाबूत ठेवून, आणि मिठाला इथे गाबेल लागली नाही. म्हणून इथलं लोणी खारं. सरहद्दीवरून चोरून मीठ नेणारे तर कुत्र्यांच्या अंगावर मीठ बांधून पलीकडे पिटाळत. 1790 मध्ये गाबेल गेली, लोणी खारं ते खारंच राहिलं. हे सगळं म्हाताऱ्याने असं सांगितलं की जणू ती कुत्री त्याने स्वतः पाळली होती. मधल्या काळात एक बाई हात लांब करून आमच्यामधून अळणी वडी घेऊन गेली. "नॉर्मंडीची असणार," तो तिच्या पाठीकडे बघत म्हणाला.

आता गंमत अशी, की मिठाच्या कराबद्दल मला कुणी सांगावं असा मी माणूसच नाही. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. शिरोड्याची मिठागरं आम्ही एसटीच्या खिडकीतून बघत वाढलो, आणि 1930 साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला हे आजीने आम्हाला प्रत्येक सुट्टीत किमान दोनदा ऐकवलेलं. काय सुंदर उत्तर झालं असतं! "काका, तुमच्या लोकांना सवलत होती. आमच्या लोकांनी काठ्या खाल्ल्या." पण मला 'मिठागर' अडलं. मी नुसता "वुई, वुई" करत मान डोलावत राहिलो, बाळंतिणीला बघायला गेलेल्या पुरुषासारखा.

शेवटी त्याने माझ्या चारही वड्या काढून जागेवर ठेवल्या आणि खाऱ्या चार माझ्या ट्रॉलीत घातल्या. साध्या खाऱ्यासुद्धा नव्हेत. दाताखाली कचकन लागणारे मिठाचे खडे असलेल्या, महागातल्या. "हे बायकोने लिहून दिलं होतं का?" जाताजाता त्याने विचारलं.

"नाही, मीच..."

"मग तिला विचारून येत जा."

मी त्या चार वड्यांचे पैसे भरले. परत जाऊन बदलता आल्या असत्या. पण तो काउंटरला माझ्या बरोबर मागे उभा होता.

हसू येतंय, ठीक आहे. पण सहा वर्षं इथे राहतोय, कर भरतोय, आणि या सहा वर्षांत मी पाव कसा मागावा, चीज कुठल्या बाजूने कापावं, पावसाला पाऊस का म्हणू नये, हे सगळं मला न विचारता सांगून झालंय. त्या तेलाचं पुढे काय करता, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या आजीनेही कुणाच्या पिशवीतली साखर काढून गूळ ठेवला असता म्हणा. पण ती ओळखीच्यांच्याच पिशव्या उघडायची.

असो. बिस्किटं. तीन बलक आणि 130 ग्रॅम साखर फेसायची, त्यात 150 ग्रॅम मऊ लोणी, 200 ग्रॅम मैदा आणि बेकिंग पावडरची 11 ग्रॅमची पुडी. (इथे बेकिंग पावडर आणि यीस्ट दोघांचं नाव एकच, 'लव्ह्यूर'. त्या घोळाची कथा वेगळी आहे आणि तिच्यात एक चादर खराब झाली.) गोळा फ्रीजमध्ये घट्ट करायचा, लाटायचा, गोल कापायचा, 180 अंशांवर पंधरा मिनिटं.

मी सगळं केलं. सातव्या मिनिटाला ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर बारा बिस्किटांचं एक बिस्किट झालं होतं. वास मात्र स्वर्गीय.

कारण शेजारणीने सांगितलं: पाले लोखंडी कड्यांत भाजतात. कडं नसेल तर लोणी वितळतं आणि सगळं पसरतं. हे मला कसं सुचावं? मी नानकटाईचा माणूस. मे महिन्यात आई तूप, मैदा, पिठीसाखर डब्यांतून घेऊन बेकरीत जायची, भट्टीशी नंबर लावायची, आणि तिथल्या काळ्या पत्र्यावर ठेवलेली नानकटाई जाताना गोल असायची, येताना तडकलेली पण गोलच. तिला कुणी कडं घातलं नव्हतं.

आणि माझा खरा राग इथे आहे. अकरा मिनिटं! अकरा मिनिटं त्या माणसाने मला राजा सांगितला, कर सांगितला, कुत्री सांगितली. कड्याबद्दल एक शब्द नाही.

उरलेल्या तीन वड्यांचं रविवारी तूप कढवलं. फेस इतका आला की शेगडी दोनदा पुसली. तूप गाळल्यावर चाखलं तर ठीक होतं, मीठ सगळं खाली बेरीत बसलेलं. बेरी खारट ढाण. टाकायला निघालो तर लेकीने पातेलं धरून ठेवलं, सवयीने वर साखर भुरभुरवली, चमच्याने खरवडून खाल्लं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

"बाबा," मग ती म्हणाली, "शाळेत हे नेऊया. बिस्किटं नको."