नुसती टेस्ट कडक करून ड्रायव्हर सुधारत नाहीत

आपल्याकडे मोठा अपघात झाला की दोन दिवसांत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतोच, की युकेत बघा लायसन्स काढताना कसा घाम फुटतो आणि आपल्याकडे एजंटला पैसे दिले की काम झालं, तेव्हा आधी आरटीओची टेस्ट कडक करा. मी इथे इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात राहतो म्हणून मग मला विचारतात, बरोबर ना? टेस्ट कडक व्हायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण टेस्टच्या आधी माणसाने किती तास गाडी चालवलीये आणि पास झाल्यावर लायसन्स जायची भीती त्याला आहे की नाही, खरा फरक या दोन गोष्टींनी पडतो आणि ग्रुपवर नेमकं त्याबद्दल कोणी बोलत नाही.

ब्रिटनमध्ये टेस्ट १९३५ पासून सक्तीची आहे. तरी १९६६ साली इथल्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं गेली, म्हणजे टेस्ट येऊन तीस वर्षं उलटल्यावर! २०२३ मध्ये हाच आकडा १,६२४ होता आणि गाड्या तेव्हाच्या जवळपास तिप्पट. मधल्या काळात १९६७ ला दारू तपासायचा ब्रेथलायझर आला, १९८३ ला पुढच्या सीटवर बेल्ट सक्तीचा झाला, नव्वदीत स्पीड कॅमेरे आले, रस्ते आणि गाड्या दोन्ही सुधारले. टेस्टही बदलत गेली, पण सगळं श्रेय तिला देणं चूक आहे.

आता टेस्टमध्ये जे चांगलं आहे ते पण सांगतो. थिअरीसोबत एक हॅझर्ड परसेप्शन नावाचा भाग असतो, २००२ पासून. १४ व्हिडिओ क्लिप्स दाखवतात, गाडीच्या काचेतून रस्ता दिसावा तशा, आणि धोका तयार होतोय असं वाटलं की क्लिक करायचं. रस्त्याकडेला व्हॅन उभी आहे, तिच्या पलीकडून एक सायकलवाला येतोय, अजून तो तुमच्या लेनमध्ये आलेला नाही पण व्हॅन चुकवायला येणार हे तुम्हाला आधी कळायला हवं. लवकर ओळखलं तर जास्त मार्क, उशिरा ओळखलं तर कमी, आणि उगाच सारखं क्लिक केलं तर त्या क्लिपला शून्य. हे आपल्याकडे कोणी शिकवतच नाही. आपल्याकडे गाडी चालवता येणं म्हणजे क्लच, गिअर आणि रिव्हर्स.

प्रॅक्टिकल साधारण चाळीस मिनिटं, खऱ्या ट्रॅफिकमध्ये, एक सिरियस चूक झाली की फेल, आणि निम्म्याहून जास्त लोक फेल होतात. आमच्या ओळखीचा नागपूरचा एक मुलगा, तिकडे दहा वर्षं गाडी चालवलेला (भारतीय लायसन्सवर इथे फक्त १२ महिने चालवता येतं, मग टेस्ट द्यावीच लागते), राउंडअबाउटवरून बाहेर पडताना आरसा न बघता लेन बदलली म्हणून फेल झाला. गाडीवर त्याचा हात चांगला आहे, पण आजूबाजूला कोण आहे ते बघायची सवय त्याला कोणी लावलीच नव्हती. या फेल होण्याच्या धाकामुळे लोक सराव करतात, टेस्ट घेणारी सरकारी एजन्सीच सांगते की पास होणारे सरासरी ४५ तास इन्स्ट्रक्टरकडे शिकतात आणि वर २२ तास घरच्यांसोबत चालवतात. आणि पुण्यातला क्लास आठवा. एकवीस दिवस, रोज अर्धा तास, त्यात ठरलेला एकच राउंड आणि क्लच-ब्रेक शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली. भोसरीला टेस्टचा कितीही चांगला ट्रॅक असू दे, इतक्या तासांत नजर तयार होणार कशी?

पास झाल्यानंतरचं तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे नियम मोडला की लायसन्सवर दंडाचे पॉइंट चढतात, आणि पहिल्या दोन वर्षांत असे सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा पहिल्यापासून. आणि गाडी चालवताना हातात मोबाईल सापडला की एका फटक्यात सहा पॉइंट आणि २०० पाउंड दंड. म्हणजे नवीन ड्रायव्हरने एकदा फोन हातात घेतला, पोलिसाने पाहिलं, संपलं. आपल्याकडे ई-चलन मोबाईलवर येतं आणि लोक ते साठवून ठेवतात, लोक अदालतीत सवलतीत मिटवू म्हणून. लायसन्सला कोणी हात लावेल असं कोणाच्या मनातही येत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला कारच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, पोलिसांनी सांगितलं की गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता. ज्याला वयामुळे कारचं लायसन्स मिळूच शकत नाही त्याला कितीही कडक टेस्ट कशी अडवणार?

आणि टेस्ट कडक करताना टेस्टच्या तारखा वाढवल्या नाहीत तर एजंट इथेही उगवतात. कोविडनंतर तारखांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतंय, आणि ६२ पाउंडाचा स्लॉट लोक शेकडो पाउंडांना विकतायत. त्यामुळे आरटीओ तेवढा भ्रष्ट आणि गोरे तेवढे सज्जन असं नाहीये, टंचाई केली की दलाल येतोच.

उलट आपल्याच मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं उदाहरण कोणी देत नाही याचं मला वाईट वाटतं. २०१६ ला तिथे १५१ मृत्यू झाले होते, २०१९ ला ९२. ड्रायव्हर तेच आणि लायसन्सही तशीच काढलेली, पण धोकादायक जागा शोधून बॅरिअर लावले, तपासणी वाढवली, जखमींपर्यंत मदत लवकर पोचवली.

शिवाय ही सगळी चर्चा कारवाल्यांची आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ लोक गेले, त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. दुचाकी आपण शिकतो कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दादाच्या नाहीतर मित्राच्या गाडीवर, आणि आरटीओत आठचा आकडा काढला की लायसन्स हातात. इथे १२५ सीसीची गाडी एल बोर्ड लावून रस्त्यावर काढायची तरी आधी सीबीटी नावाचं ट्रेनिंग करावं लागतं, १९९० पासून सक्तीचं. एका दिवसाचं काम, त्यात किमान दोन तास इन्स्ट्रक्टरसोबत खऱ्या रस्त्यावर, आणि ते समाधानकारक झालं नाही तर सर्टिफिकेट मिळत नाही. कारच्या टेस्टवर भांडायचं ते भांडू, पण हा एक दिवस महाराष्ट्रात प्रत्येक नवीन दुचाकीवाल्याला सक्तीचा करा ही मागणी ग्रुपवर एकानेही अजून केलेली नाही, म्हणून मी करतोय.