टॅब म्हणजे ८ स्पेस नव्हे हो!

दर वर्षी तेच. सी या प्रोग्रामिंग भाषेचं पहिलंवहिलं प्रॅक्टिकल, मार्कशीट प्रिंट करा, आणि पोरं बॅकस्लॅश टी, म्हणजे टॅबची खूण, टाकत सुटतात कारण वहीत लिहून दिलंय की टॅब म्हणजे ८ स्पेस. अरे नाहीये तसं! टॅब म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंत उडी, आणि थांबे बहुतेक टर्मिनलवर (आउटपुट दिसतं त्या खिडकीत) दर ८ कॉलमला, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये ४ अक्षरांचा अमोल असला की त्याचे मार्क ९व्या कॉलमला आणि ११ अक्षरांचा ज्ञानेश्वर आला की थेट १७व्या, मग पोरगं रडकुंडीला येतं, अमोलच्या पुढे अजून एक टॅब ठोकतं, आणि नाव बदललं की परत सगळं वाकडं. परसेंट मायनस १५ एस लिहिलं, म्हणजे नाव डावीकडे ठेवून त्याला १५ अक्षरांची जागा राखली, की एका झटक्यात कॉलम सरळ होतो, पण ते शिकवायला कुणाला वेळ नाही!

फाइलचा पाथ तर विचारूच नका. न्यू नावाचा फोल्डर, त्याच्या आधी एकच बॅकस्लॅश, झालं, त्या बॅकस्लॅश एनची नवीन ओळ होते आणि फाइल काही सापडत नाही. दोन बॅकस्लॅश द्यायचे असतात एवढं एक वाक्य सांगायला काय जातं?

आणि व्हायवात विचारणार काय, तर बॅकस्लॅश व्ही म्हणजे काय. व्हर्टिकल टॅब! कधी वापरलाय का कुणी तो? पोरं पाठ करतात बिचारी, आणि नापास झाली की म्हणतात कोडिंग आपल्याला जमणारच नाही. याचाच जास्त राग येतो मला.