आयकर अजिबात समजून घेऊ नका

आयकर रिटर्न भरायचा जुलै उजाडला की सगळ्या नातेवाइकांना माझी आठवण येते. परवा ताटावर बसलो तोच साडूंचा फोन. "पगारवाढ नको म्हणून सांगणार आहे. कराचा स्लॅब, म्हणजे टप्पा बदलतो, हातात उलट कमी येतं!" तेव्हा तुमच्यासाठीही चार मोलाचे सल्ले.

स्लॅब ओलांडला की सगळ्या उत्पन्नाला वरचा दर लागतो, हा समज जिवापाड जपा. करपात्र उत्पन्न १५ लाख ९० हजार, त्यात वाढ ५० हजारांची. १६ लाखांची हद्द ओलांडली, झाला घात! आता नव्या करपद्धतीत वाढीतल्या पहिल्या १० हजारांवर १५ टक्के, उरलेल्या ४० हजारांवर २० टक्के, वर त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. म्हणजे जास्तीचा कर ९,८८० रुपये आणि हातात ४०,१२०. हे कुणी कागदावर मांडून दाखवलंच, तर "पण आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात" म्हणायचं. सगळे! त्यातल्या एकाने तरी कधी पेन हातात घेतलंय? रिचार्जचे प्लॅन ताडून बघायला यांना तासभर मिळतो. चाळीस हजारांवर पाणी सोडतील, पण शाळेतली शेकडेवारी करणार नाहीत!

बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर एफडी करा. व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात, पण ते कशाला मनावर घ्यायचं?

बँकेने व्याजातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला की गंगेत घोडं न्हालं. तुमचा दर २० टक्क्यांचा असला तर उरलेला कर मॅनेजर भरतीलच. व्याजाचा आकडा आयकर खात्याच्या एआयएस नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतो म्हणे, पण ते उघडतो कोण?

टीडीएस कापू नये म्हणून बँकेला द्यायचा फॉर्म (पूर्वीचा १५जी) पुढे आला की ठोका सही. 'माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य' असं आपण लिहून देतोय, हे वाचत बसू नका. मागे रांग असते.

बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना? मग शेअरच्या नफ्यावरही नसणारच.

कायदा किचकट आहे, मान्य. १९६१ चा जाऊन एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आला, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. पण कर टप्प्याटप्प्याने लागतो आणि टीडीएस हा फक्त आगाऊ कापलेला कर, हे तेव्हाही होतं, आताही आहे. एवढं कळायला सीए व्हावं लागत नाही हो! फॉर्म १६ चा, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्याचा, तिरका फोटो पाठवून "बघ जरा" म्हणता, एफड्यांचं विचारलं तर "त्या किरकोळ आहेत" म्हणता. नोटीस आली की मात्र "रिटर्न तूच भरलं होतंस ना?" मी भरलं. व्याज लपवलंत तुम्ही.