आधी स्लो करा, मग बघू

तर तुम्ही कव्हर साँग, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात, करायचं ठरवलंय. मस्त. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलं की माणसाला असं काहीतरी सुचतंच. गिटार आहे, रिंग लाइट आहे, शूटला उपवन तलाव आहे, आता फक्त गाणं पाहिजे आणि ते तर आयतंच मिळतं.

पण एक करा, ओरिजिनल ऐकायच्या भानगडीत पडू नका. कॅनडाच्या कवी-गायक लेनर्ड कोहेनने 'हॅलेलुया' हे गाणं १९८४ मध्ये काढलं तेव्हा त्याच्याच कंपनीने तो अल्बम अमेरिकेत काढायला नकार दिला, मग १९९१ मध्ये जॉन केल या दुसऱ्या गायकाने कडवी स्वतःच्या पसंतीने निवडून ते पियानोवर गायलं, आणि अमेरिकन गायक जेफ बकलीने १९९४ मध्ये जे गायलं ते कोहेनचं नाही तर केलचं ऐकून गायलं, म्हणजे कव्हरचं कव्हर, आणि आज भल्याभल्यांना तेच ओरिजिनल वाटतं. तुम्ही तर बकलीचं कव्हर करणाऱ्याची रील बघून शिकलेल्याची रील बघताय. भविष्य किती उज्ज्वल आहे बघा! (आपल्याकडे हे नवीन नाहीच म्हणा, टी-सीरीजच्या कॅसेटवर रफी समजून सोनू निगम ऐकलेले काका प्रत्येक सोसायटीत सापडतील.)

आता मुख्य काम. स्लो करा. कुठलंही गाणं असो, स्लो करा. ढोलकी काढून टाका, आवाजात सूर कमी आणि श्वास जास्त ठेवा, ओळ संपली की डोळे मिटून असं बघा की जणू आत्ताच ठाणे स्टेशनला तुमची फास्ट लोकल सुटलीय. 'कोंबडी पळाली' घ्या ना. ते विरहगीत आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही अजून, कोंबडी गेली ती गेलीच ना शेवटी? अजय-अतुलनी २००६ चं आपलंच गाणं २०१२ मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून हिंदीत नेलं, पण नाचायचंच ठेवलं, स्लो करायचं सुचलंच नाही बिचाऱ्यांना.

अर्थाला मात्र हात लावू नका हं. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगच्या १९६५ च्या 'रिस्पेक्ट'मध्ये पुरुष म्हणतो, मी कमावून आणतो, घरी आलो की मान दे. १९६७ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं, वर त्या शब्दाचं स्पेलिंग म्हणायचा तुकडा स्वतःचा जोडला, आणि गाण्याचा अर्थच उलटा झाला. परिणाम काय? रेडिंगलाच स्टेजवर सांगायची वेळ आली की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून पळवलं. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने बॉब डिलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या गाण्याचं असं काही केलं की पुढे डिलनच ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवायला लागला. एवढा आगाऊपणा बरा नव्हे. त्यासाठी गाण्यात काय म्हटलंय ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तुमच्या तीन रील होतात.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कव्हरसाठी ३१-सी कलम आहे, त्यात पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबा, आधी नोटीस द्या, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरा, तांत्रिक गरज नसेल तर गाण्यात बदल करू नका, असलं बरंच काही लिहिलंय. तुम्ही आपलं खाली 'सर्व हक्क मूळ मालकाचे' टाका आणि झोपा.

अपलोड झालं की सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाका, पाणी कधी येणार विचारणाऱ्यांच्या मधोमध, म्हणजे निदान चुकून तरी क्लिक होईल. 'ओरिजिनल बेस्ट' अशी कमेंट आली तर हार्ट द्या, त्यालाही ओरिजिनल म्हणजे बकलीच माहितीय. आणि पुढच्या आठवड्यात नेरूळच्या कुठल्या पोराने तुमचं बघून तेच गाणं अजून स्लो करून टाकलं, तर अजिबात दयामाया दाखवू नका, सरळ कॉपीराइट स्ट्राइक टाका. कष्ट आहेत तुमचे.