केनियाला गाणं शिकवायला निघालेल्या क्वायरसाठी काही सूचना

टेक्सासातल्या एखाद्या ऐसपैस चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, तुम्ही आल्टो किंवा टेनर आवाजात गात असाल आणि येत्या जुलैत अख्खा क्वायर दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चच्या सेवा-सहलीला, केनियात चालला असेल, तर आधी अभिनंदन. प्रभूने तुमच्या मनावर केनियाचं ओझं घातलं आहे. गेल्या साली ते ग्वाटेमालाचं होतं, पण तिथे खर्जात गाणाऱ्या बासवाल्यांची पोटं बिघडली, म्हणून ओझं बदललं.

केनियाच का, असं ऑफिसात कोणी विचारलं तर "तिथे फार गरज आहे" एवढं बोलून थांबावं. आकड्यांत शिरू नये. केनियाच्या 2019 च्या जनगणनेत 85.5 टक्के लोक ख्रिस्ती निघाले. अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेच्या 2023-24 च्या पाहणीत ख्रिस्ती प्रौढांचं प्रमाण 62 टक्के भरलं. विमान उलट्या दिशेने उडायला हवं होतं, असं खवचट माणसांना लगेच सुचतं.

आता पत्र. ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या आणि अजिबात ओळख नसलेल्या सगळ्यांना ते पाठवायचं. खर्च माणशी साडेतीन हजार डॉलर. तीस जणांचे 1,05,000 होतात, पण ही बेरीज पत्रात नको. "सुट्टी" हा शब्द चुकूनही लिहू नये. केनियातल्या मुलांचा फोटो अजून हाती नसेल तर ग्वाटेमालातल्या मुलांचा लावावा, कोणी तपासत नाही. "हेच पैसे तिकडच्या चर्चला पाठवले तर?" असं विचारणारा एखादा काका निघतोच. त्याला सांगावं, "काका, पैशाने नाती जुळत नाहीत." आणि पाकीट पुढे करावं. खरं तर पाहुणे म्हणून जातो, चार दिवस राहतो, ऐकतो आणि परत येतो, असं सरळ म्हणता आलं असतं. पण पाहुणचार घ्यायला निघालेल्याला वर्गणी कोण देणार?

सामानाच्या दोन बॅगा मिळतात, 23-23 किलोच्या. एक आपली, दुसरी सेवेची. सेवेच्या बॅगेत टूथब्रश आणि लॉलीपॉप बरोबरीने भरावेत, म्हणजे एकामुळे दुसऱ्याची गरज टिकून राहते. फक्त हे सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. केनियाने ऑगस्ट 2017 मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. पिशव्या बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला 40 लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत तुरुंग. मागासलेल्या देशाला स्वच्छता शिकवायला निघालेल्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

उरलेल्या जागेत क्वायरचे जुने झगे कोंबावेत. मरून रंगाचे, पॉलिएस्टरचे, काखेत विटलेले. नवे आल्यापासून ते तळघरात पडून आहेत आणि फेकून देववत नाहीत. अशा वेळी आफ्रिका आठवते. यजमान दोन्ही हातांनी घेतील, फोटो होईल. पुढे काय होतं याची काळजी नको. नैरोबीत गिकोम्बा नावाचा प्रचंड बाजार आहे, तिथे तुमच्या-आमच्या देशांतून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठी रोज फुटतात. मरून पॉलिएस्टरला तिथे कोणीतरी गिऱ्हाईक भेटेल, निदान पडद्यासाठी.

गाण्याचा भाग मात्र नीट समजून घ्या, कारण ट्रिपचं निमित्तच ते. आपण दोन गाणी बसवलेली असतात. एक स्वाहिलीत: उच्चार रोमन लिपीत उतरवलेले, अर्थ कोणालाच ठाऊक नाही, पण शेवटच्या ओळीला हात वर करायचा हे पक्कं. दुसरं इंग्रजी, जुनं, सर्वांच्या तोंडचं, आणि त्याला लॅपटॉपवरच्या तयार साथसंगीताचा आधार.

पश्चिम केनियातल्या किसुमू शहराच्या बाजूच्या एखाद्या पत्र्याच्या चर्चमध्ये तुम्ही रविवारी पहिल्या बाकांवर बसलेले असता. यजमानांचा क्वायर दारातूनच नाचत आत येतो. पन्नासेक माणसं, सगळ्यांच्या अंगावर एकाच ठाणातलं कितेंगे, म्हणजे तिकडचं रंगीत छापील कापड, शिंप्याला मापं देऊन बेतलेलं. (झग्यांची बॅग बाकाखाली सरकवावी.) हातात कागद नाही. चारही आवाज आपापल्या जागी चोख, आणि बास म्हणजे आदल्या संध्याकाळी ज्यांच्या बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून तुम्ही आलात ती पोरं. हे सगळं त्यांनी सोल-फावर बसवलेलं असतं: फळ्यावर डो-रे-मीची अक्षरं, मध्ये उभ्या रेघा आणि टिंबं. ही लिपी 19 व्या शतकात इंग्लंडात सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी घडवली, मिशनऱ्यांनी आफ्रिकेत नेली. इंग्लंड ती बहुतेक विसरलं, आफ्रिका विसरली नाही. आज दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताच्या सुरुवातीला जी प्रार्थना गातात, ती इनॉक सोंटोंगा या शाळामास्तराने 1897 मध्ये याच लिपीत लिहिली.

हे ऐकताना चेहऱ्यावर कौतुक ठेवावं, धक्का दिसू देऊ नये. शेजारच्या सोप्रानोच्या कानात म्हणावं, "ताल यांच्या रक्तातच आहे, नाही?" आठवड्यातून किती संध्याकाळी तालीम करता, असं विचारू नये. तालीम निघाली की रक्ताचा विषय बारगळतो.

मग आपली पाळी. दुसऱ्या कडव्यात वीज जाते. स्पीकर मुका होतो आणि तीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. तिसऱ्या बाकावरची एक आजी बसल्या जागेवरून तोच सूर उचलते, कारण गाणं त्यांच्याही गीतपुस्तकात आहे. पुढच्या ओळीला सगळं चर्च चार आवाजांत गात असतं आणि आपण मागून ओठ हलवतो. याचा व्हिडिओ जरूर काढावा. आवाज त्यांचा, चेहरे आपले. खाली लिहावं, "आमच्या क्वायरने केनियात उपासना चालवली."

जेवायला पंगत असते. कोंबडी, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुकुमा विकी ही पालेभाजी, वर दुधाचा गोड चहा. महिला मंडळाने त्यासाठी महिनाभर एम-पेसावर पैसे गोळा केले असतील. (2007 पासून हा देश मोबाइलवर पैसे पाठवतो, तुमचा खजिनदार अजून चेकबुक घेऊन हिंडतो.) तुमच्या ताटात मांडी, यजमान पाळकांच्या ताटात मान. मोठ्या मनाने खावी. भिंती रंगवणे, मुलांना उचलून घेणे वगैरे कार्यक्रम दुपारी उरकतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भिंतीला तो रंग दरवर्षी लागतो.

मराठी मंडळींना एक जादा सूचना. गोऱ्यांच्या मागे मुलं "मझुंगू", म्हणजे "गोरा", म्हणत धावतील. तुमच्या मागे कोणी धावणार नाही. तिकडे भारतीय म्हटलं की दुकानदारच डोळ्यांसमोर येतो, म्हणून तुमचं दुकान किसुमूत कुठल्या रस्त्यावर, एवढंच विचारतील. रागावू नका. आणि तुमचं माहेर नाशिकचं शरणपूर असेल तर ते बसमध्ये बोलूच नका. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, तिथे सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिका पालथी घालणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनची शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत होता. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं, तेव्हा तिथलं चर्च आणि शाळा उभी करायला हेच नाशिककर पुढे होते. म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरची मंडळी वाढली त्यात नाशिकचाही हात. हे टीमलीडरला कळलं तर त्याला भाषण पुन्हा लिहावं लागेल, आणि आधीच त्याला जेट लॅग आहे.

निघायच्या सकाळी अवघड प्रसंग येतो. यजमान क्वायरचा मास्तर हात धरून विचारतो, "आम्ही तुमच्याकडे गायला केव्हा येऊ?" तो मनापासून विचारत असतो. तुमची केनियाची परवानगी सोफ्यावर बसून निघाली, थोडक्या डॉलरांत. त्याला नैरोबीच्या गिगिरी भागातल्या अमेरिकी वकिलातीत जावं लागेल. माणशी 185 डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत न मिळणारे. वर बँकेचे कागद, जमिनीचे कागद आणि परत येणारच याची खात्री पटवणं. पन्नास जणांचे नुसते अर्जाचे 9,250 डॉलर झाले. अशा वेळी डोळे मिटून "आपण यासाठी प्रार्थना करू" म्हणावं आणि बसमध्ये चढावं. शेवटचे दोन दिवस आत्मपरीक्षणासाठी मसाई माराच्या अभयारण्यात राखलेले असतात. जुलैत तिथलं प्रवेश शुल्क परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर आहे, आणि उशीर झाला तर संध्याकाळची सफारी हुकते.