हूम, हूम्पी, ले आणि आमचा डीजे

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण ठरलेलं. मावसभाऊ लिहितो, 'डीजे बंद करणं हा धर्मावर घाला आहे.' विसर्जनाच्या रात्री कानात कापूस घालून बसणारी आत्या उत्तर देते, 'तुझा धर्म माझ्या काचा हलवतो.' साल्व्हादोरमध्ये, ब्राझीलच्या बाहिया राज्यात बसून मी हे वाचतो आणि सहसा गप्प राहतो.

इथला कांदोम्ब्ले हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी जपलेला धर्म. योरुबा लोकांचा त्यात मोठा वाटा. पूजेला तीन ढोल: मोठा हूम, मधला हूम्पी, धाकटा ले. धाकटे दोघे ताल धरतात, बोलतो तो हूम. ज्याच्या अंगात ओरिशा, म्हणजे देव, आलाय त्याची पावलं हूमच फिरवतो. संबळावर अंगात आलेलं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या ढोलांना कापड नेसवतात, नैवेद्य दाखवतात, वाटेल त्याला हात लावू देत नाहीत. कुणी मानकरी दारात आला की चालू ताल तोडून आधी त्याला सलामी. मी गेलो त्या रात्री स्पीकर कुठेच नव्हता. पोटात घुमत होतं ते नुसतं चामडं आणि लाकूड.

या ढोलांसाठी पोलिसांच्या धाडी पडत, ढोल जप्त होत. 1976पर्यंत बाहियात पूजास्थानांना पोलिसांकडे नोंद करावी लागे. आठच वर्षांनी, 1984 मध्ये, इथल्याच काझा ब्रांका या पूजास्थानाला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. धर्मावर घाला म्हणतात तो त्या धाडींना. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही म्हटलं, त्यात कुणाचा ढोल गेला?

म्हणजे मी आत्याच्या बाजूचा. तरी पुरता नाही. आमच्या इथल्या इमारतीत पाच मिनिटांच्या आरतीतल्या झांजांवरून तक्रार आली. फुटबॉलच्या रात्री अख्खी इमारत किंचाळते तेव्हा कुणाचे कान दुखत नाहीत. इथल्या पूजास्थानांविरुद्धही 'आवाजा'च्या तक्रारी होतात. आवाज मोजायला कोण कुणाच्या दारात जातं, हेही बघायला हवं.

यंदा ग्रुपवर मी एवढंच विचारलं, 'मिरवणुकीत वीज गेली तर काय वाजवणार?'

मावसभावाचं उत्तर लगेच आलं, 'जनरेटर आहे.'